पोट दिसेपर्यंत सांगायचं नाही

२०१९ च्या मार्चअखेरीस माझी पाळी चुकली. पहिलीच खेप. सासूबाईंना आमच्याकडं आत्ती म्हणतात. आत्तींना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी उठून सोप्याचं दार लोटून घेतलं, मग देवापुढं साखर ठेवली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तीन म्हैनं कुणाला बोलू नगंस. पोट दिसाय लागलं की मग बघू."

त्यांना मी दोष देत नाही. थोरल्या जाऊबाईंचं दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या महिन्यात गेलं होतं, आणि त्याआधी घरानं गल्लीभर पेढे वाटले होते. ते पेढे आत्तींच्या जिवाला लागले होते. पण या 'बोलू नगंस'चा अर्थ माझ्यासाठी काय झाला, ते सांगते. दवाखान्यातली नोंद आमच्याकडं आशाताईंमार्फत, म्हणजे गावात घरोघरी फिरणाऱ्या आरोग्य कार्यकर्तीमार्फत होते. आशाताई आमच्याच गावच्या, तिसऱ्या गल्लीतल्या. त्या कुणाला सांगणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. पण त्या आमच्या दारात आल्या की शेजारची बाई लगेच विचारणार, "काय विशेष?" म्हणजे आशाताईंना सांगणं हे गावाला सांगणंच.

मी बी.ए. दुसऱ्या वर्षापर्यंत शिकलेली. शाळेच्या भिंतीवर निळ्या रंगात लिहिलेलं होतं, 'गरोदरपणाची नोंदणी १२ आठवड्यांच्या आत करा.' दूध डेअरीला जाताना रोज ती भिंत लागते. रोज वाचायची आणि पुढं जायची. बायकांना माहिती नसते म्हणून त्या तपासणीला जात नाहीत, असं कुणी म्हणालं की मला ती भिंत आठवते. मला सगळं माहीत होतं.

मे महिन्यात वन्संचं लग्न आलं. लग्नात पोटुशी बाईनं काय करायचं नसतं ते मी सगळं केलं, कारण कुणाला कळू द्यायचं नव्हतं. घागरी उचलल्या, मांडवात रात्रभर जागले. जूनच्या शेवटी, सतरावा आठवडा लागला तेव्हा पहिल्यांदा दवाखान्यात गेले.

आमचं गाव बालिंग्याच्या पुलापलीकडं, गगनबावडा रस्त्याच्या आतल्या अंगाला. प्राथमिक आरोग्य केंद्र गावापासून पाच किलोमीटर. ऐकायला पाच काहीच वाटत नाहीत. पण पहाटे पाचला दोन म्हशींची धार, साडेसहाला डेअरी, सातच्या आत ह्यांचा डबा, कारण हे शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत मोल्डिंगला. मग भाकरी, जनावरांचं वैरणपाणी. साडेनऊची एसटी चुकली की वडापची जीप मिळेपर्यंत रस्त्यावर उभं राहायचं. दवाखान्यात पोचून केसपेपर काढेपर्यंत अकरा, आणि परत यायची गाडी एकला. म्हणजे अर्धा दिवस. तो अर्धा दिवस घरातल्या कुणाच्या तरी अंगावर पडतो. हे सोबत यायचे म्हटले तर एक खाडा, आणि महिन्यात एक जरी खाडा झाला तरी हजेरीचा बोनस जातो. तपासणी फुकट असते, हे खरंय. पण ती सकाळ फुकट नसते.

त्या दिवशी खिडकीतल्या बाईंनी माझी शेवटच्या पाळीची तारीख विचारली, बोटांवर मोजलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आत्ता आलीस व्हय? एवढे दिवस काय झोपली होतीस?" रांगेत गावातल्या दोघी होत्या. मी खाली बघितलं. आत माझं वजन झालं, बीपी झालं, बोटाला टोचून रक्त घेतलं, लघवी तपासली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. हिमोग्लोबिन ९.२ निघालं. गरोदरपणात ते ११ च्या खाली असलं तर रक्त कमी धरतात. गोळ्यांच्या पट्ट्या हातात ठेवल्या आणि "पुढच्या महिन्यात ये" म्हणाले. एवढं सगळं नीट केलं त्यांनी. पण घरी येताना माझ्या डोक्यात फक्त ते 'झोपली होतीस का' होतं, आणि पुढच्या महिन्यात मी गेले नाही. त्या बाईंच्या पुढ्यात रोज शंभर पेशंट असतात, हे मला नंतर कळलं. तरीही मला वाटतं, उशिरा आलेल्या बाईला पहिल्यांदा काय बोललं जातं, त्यावर ती दुसऱ्यांदा येणार की नाही ते ठरतं.

गोळ्यांचं सांगते. लाल गोळी लोहाची. मी ती सकाळी चहाबरोबर घ्यायची, कारण सकाळी आठवण राहायची. चहानं लोह अंगी नीट लागत नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी शौचाला काळं झालं. मी घाबरले. पोट जड, मळमळ. त्यात शेजारच्या काकी म्हणाल्या, "त्या गोळ्यांनी पोर काळं हुतंय, आणि लई मोठं हुतंय. मग शिझर." मी चार दिवस अजून घेतल्या आणि सोडल्या. आशाताई विचारायच्या, "घेतीस न्हवं?" मी मान हलवायची. पट्ट्या मी पिनांच्या स्टीलच्या डब्यात घालून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवल्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ च्या, पूर्ण १८० दिवस गोळ्या घेतलेल्या बाया देशात शंभरात २६ च निघाल्या. उरलेल्या ७४ मधली एक मी.

मग ऑगस्ट आला. कोल्हापूरच्या माणसाला २०१९ चा ऑगस्ट सांगावा लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ ला धोका. त्या साली ती ५५ च्या वर गेली. गगनबावडा रस्ता बंद, दवाखान्याकडच्या ओढ्यावर पाणी, वीज नाही. बाळाचे अवयव नीट आहेत का बघायची सोनोग्राफी अठरा ते वीस आठवड्यांत करायची असते. ती केंद्रात होत नव्हती, शहरात जावं लागणार होतं. भाताच्या रोपलावणीत एक आठवडा गेला, दुसरा पैशाच्या जुळवाजुळवीत गेला, आणि तिसऱ्याला पूर आला. मी ती सोनोग्राफी सप्टेंबरात, सत्ताविसाव्या आठवड्यात केली. बाळ ठीक होतं. हिमोग्लोबिन मात्र ७.९ वर आलं होतं.

दिवाळीच्या साफसफाईत आत्तींना तो पिनांचा डबा सापडला. त्यांनी उघडला, पट्ट्या बघितल्या, माझ्याकडं बघितलं आणि झाकण लावून परत ठेवला. एक शब्द बोलल्या नाहीत. त्या वेळी त्यांचं बोलणं मला सोसलं असतं, तसं गप्प राहणं सोसलं नाही.

तोवर माझे पाय सुजले होते. सगळ्या म्हणायच्या, "पोटुशीचं पाय सुजत्यातच." तोंड सुजलं, तेव्हा म्हणाल्या, "मुलगी हाय, म्हणून तेज आलंय." दिवाळी होऊन आठवडा झाला आणि एका सकाळी धार काढताना डोळ्यांपुढं काजवे चमकले. डोकं असं दुखत होतं की म्हशीच्या पोटाला कपाळ टेकवून मी बसून राहिले. थोरल्या जाऊबाईंनी बघितलं. त्यांनी कुणाला विचारलं नाही, सरळ आशाताईंना फोन केला. आशाताईंनी उपकेंद्रातल्या सिस्टरांना आणलं. बीपी १६०/११०. लघवीच्या पट्टीवर प्रथिनं. १०८ आली आणि मला कोल्हापुरात नेलं.

माझी जोडवी बोटात रुतली होती. निघेनात. वॉर्डातल्या एका सिस्टरांनी ती कातरीसारख्या कसल्याशा हत्यारानं कापली, एकेक करून, आणि कापताना माझ्याशी सारखं बोलत राहिल्या, "दुखतंय का? थांबू का?" मग मॅग्नेशियमचं इंजेक्शन दिलं. सगळ्या अंगातून आग फिरल्यासारखं झालं. झटके येऊ नयेत म्हणून ते देतात, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून मी घाबरले नाही. संध्याकाळी सीझर झालं. छत्तिसावा आठवडा चालू होता. मुलगी, एक किलो आठशे ग्रॅम. तिला अकरा दिवस काचेच्या पेटीत ठेवलं. सरकारी दवाखान्यात सीझरचा, औषधांचा, रक्ताचा एक रुपयाही घेतला नाही. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून ते सगळं मोफत आहे. पण हे सोळा दिवस कामावर गेले नाहीत, आणि एक म्हैस विकावी लागली.

दुसऱ्या खेपेचं मी मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण घर तेच, रस्ता तोच, दवाखाना तोच, एसटीसुद्धा साडेनऊचीच. तरी सगळं वेगळं झालं.

२०२३ च्या नोव्हेंबरात पाळी चुकली. मेडिकलमधून पट्टी आणून घरीच बघितलं. दोन रेघा. त्याच आठवड्यात नात्यातली एक बाई घरी आली. तिला कशानं संशय आला कुणास ठाऊक. मला गोठ्यात गाठून म्हणाली, "एक पोरगी हाय तुला. लगीच कार्ड काढू नगंस. एकदा नोंद झाली की मग काय करता येत न्हाई." 'काय करता येत न्हाई' म्हणजे काय, ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आपल्या भागात ते सांगावं लागत नाही. बाई उशिरा का नोंदवतात, याची कारणं विचारली तर लाज, काम, अंतर ही सगळी सांगितली जातात. हे कारण कुणी कागदावर सांगत नाही. मी त्याच दुपारी आशाताईंच्या घरी गेले. सातवा आठवडा होता.

आशाताईंनी मला काहीच समजावलं नाही. "तुला सगळं ठावं हाय," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्या आमच्या घरी आल्या आणि माझ्याशी न बोलता आत्तींच्या शेजारी जाऊन बसल्या. आत्ती लसूण सोलत होत्या. आशाताईंनीही चार पाकळ्या हातात घेतल्या. म्हशीचं झालं, ऊसबिलाचं झालं, मग म्हणाल्या, "आत्ती, मागल्या टायमाला पोरगी कशी वाचली तुम्ही बघितलंय. बीपी एकदा झालं की पुन्यांदा व्हायची भीती असती. डॉक्टरला आधी दाखवलं तर एक गोळी असती. उशीर झाला की तिचा तेवढा उपेग न्हाई. ह्या टायमाला तुम्हीच घिऊन चला तिला. तुमच्याबिगार ती यायची न्हाई."

शेवटचं वाक्य खरं नव्हतं, मी एकटी गेले असते. पण त्या एका वाक्यानं ते काम आत्तींचं झालं. माझी तपासणी हे माझं काम होतं तोवर ते घरातल्या सगळ्या कामांच्या शेवटी यायचं. आत्तींचं झालं तेव्हा म्हशीची धार थोरल्या जाऊबाईंकडं गेली, आणि त्यावर कुणी चर्चाही केली नाही.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतल्या बायांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. २०१६ पासून ते सुरू आहे. ९ जानेवारीला आम्ही गेलो तेव्हा मला चौदा आठवडे पूर्ण झाले होते. आत्तींनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. डॉक्टर मॅडमनी जुने कागद वाचले, कार्डावर जोखमीच्या बाळंतपणाचा लाल स्टिकर लावला आणि ॲस्पिरिनची छोटी गोळी रात्रीची सुरू केली. म्हणाल्या, "ही सोळा आठवड्यांच्या आत सुरू केली तर प्रेशर वाढण्याचा धोका कमी होतो. बरं झालं वेळेत आलात." मी मनात हिशेब केला. मागच्या वेळी पहिली पायरी चढले तीच सतराव्या आठवड्यात. मागच्यासारखं झाकून ठेवलं असतं तर ह्या गोळीचा पुरता उपयोग मला झाला नसता.

आत्तींनी मॅडमना लाल गोळीचं विचारलं. मी नाही, त्यांनी. "पोर काळं हुतं का ओ?" मॅडम हसल्या नाहीत. रंग गोळीनं ठरत नाही, शौचाला काळं होतं ते लोहानं होतं आणि त्यात काही वाईट नाही, एवढं नीट सांगितलं. रात्री जेवणानंतर घ्या, लिंबू पिळून पाणी प्या, चहा लांब ठेवा. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, दोन्ही एकत्र नकोत. घरी आल्यावर आत्तींनी गोळ्यांचा डबा फडताळात, मिठाच्या बरणीशेजारी ठेवला. रात्री भांडी घासून झाली की त्या लिंबाची फोड पुढं करायच्या. काही बोलायच्या नाहीत. मार्चमध्ये हिमोग्लोबिन १०.६ होतं, मे मध्ये ११.१.

ह्यांनी मनगटाला नाही, दंडाला लावायचं बीपीचं मशीन आणलं. रोज संध्याकाळी बघायचे आणि कॅलेंडरच्या चौकोनात लिहायचे. त्याच चौकोनात सकाळच्या दुधाचे लिटर लिहिलेले असायचे. १२०/७८ खाली साडेपाच लिटर. माझ्याकडं ती पानं अजून आहेत.

त्या जानेवारीतली एक गोष्ट मनातून जात नाही. आमच्या वावरात ऊसतोड चालू होती. टोळी बीडकडची. त्यात एक पोरगी, वीसेक वर्षांची, मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढत होती. पोट सातव्या महिन्याचं. दुपारी तिला पाणी द्यायला गेले आणि विचारलं, "कार्ड हाय का?" म्हणाली, "गावाकडं राहिलंय. दिवाळीच्या आधी एक इंजेक्शन घेतलं होतं." तपासणीला चल म्हटलं तर तिनं नवऱ्याकडं बघितलं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. ती एक दिवस गेली तर खाडा, आणि खाड्याचे पैसे मुकादम उचलीच्या, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशांच्या हिशेबात कापणार. फौंड्रीतही तोच शब्द आहे, पण तिथला खाडा परवडतो. तिचा परवडणारा नव्हता. आशाताई दोनदा त्यांच्या कोप्यांवर गेल्या आणि मुकादमाशी बोलल्या. फेब्रुवारीच्या ९ तारखेला ती आमच्याबरोबर आली. केंद्रातल्या सिस्टरांनी बाहेरगावची म्हणून तिला परत पाठवलं नाही. तिचं हिमोग्लोबिन ६.८ निघालं आणि तिला त्याच दिवशी पुढच्या दवाखान्यात पाठवलं. आठ दिवसांनी टोळी दुसऱ्या फडावर गेली. पुढं तिचं काय झालं, मला कळलं नाही. तिचं बाळंतपण कुठल्या रस्त्यावर, कुठल्या जिल्ह्यात झालं असेल, हा विचार अजून येतो.

पैशाचं थोडक्यात. मातृवंदना योजनेचे पहिल्या खेपेचे ५००० रुपये मला मिळाले, पण मुलगी चालायला लागल्यावर. आधारवर माहेरचं नाव होतं, बँकेत सासरचं. लग्न झाल्यावर पहिलं काम आधार दुरुस्तीचं करा, हे मी आता प्रत्येक नव्या नवरीला सांगते. हे पैसे चांगलंचुंगलं खायला असतात, ते बाळंतिणीच्या हातात नंतर पडून काय उपयोग.

जूनमध्ये डॉक्टर मॅडमनी विचारलं, "तुमच्या गावाला पावसात रस्ता राहतो का?" असं याआधी कुणी विचारलं नव्हतं. मी २०१९ चं सांगितलं. त्या म्हणाल्या, मग वीस तारखेनंतर शहरातच राहा. माझी मावशी गंगावेशीत राहते. तिथं गेले. २८ जूनला ठरवून सीझर झालं. मुलगी, दोन किलो नऊशे. जोडवी मी घरीच काढून ठेवली होती, पण ह्या वेळी ती सैल होती. जुलैच्या शेवटी पंचगंगेनं पुन्हा धोक्याची पातळी ओलांडली आणि आमचा रस्ता बंद झाला, तेव्हा बाळ महिन्याचं होतं आणि मी मावशीकडं शेकशेगडीजवळ बसले होते.

नात्यातली ती बाई बारशाला आली. "दुसरीबी मुलगीच," म्हणाली. आत्ती म्हणाल्या, "व्हय. आणि आईबी धडधाकट हाय."

गेल्या महिन्यात धाकट्या जाऊबाईंनी मला हळूच सांगितलं, दीड महिना झालाय. मी म्हटलं, आत्तींना सांग. तिनं सांगितलं. आत्तींनी ह्या वेळीही देवापुढं साखर ठेवली. मग पदराला हात पुसून तिला विचारलं, "ह्या म्हैन्याची नऊ तारीख कंच्या वारी येतीया?" जाऊबाईंचं नवं कार्ड आता त्यांच्याकडं आहे. डेअरीचं पासबुक, ऊसबिलाच्या पावत्या आणि विमा ठेवायची त्यांची एक नायलॉनची पिशवी आहे, खुंटीला असते, तिला आम्ही कुणी हात लावत नाही. त्यात.